विश्लेषण : ‘पाव कडक, क्रोसाँ करपलेला’... फ्रेंच पद्धतीच्या बेकरीबद्दलच्या तक्रारी किती रास्त?

पुण्या-मुंबईतल्या अनेक वस्त्यांमध्ये खारी-पावाच्या बेकरीच्या जोडीला आता फ्रेंच पद्धतीची एखादी छोटी बेकरी दिसते. काचेच्या कपाटात क्रोसाँ, लांबट बगेत आणि जाड सालीचा सावरडो मांडलेला असतो. ग्राहक जाण्याआधी मोबाइलवर रेटिंग पाहतो आणि खाऊन आल्यावर आपलेही मत नोंदवतो. या मतांत काही तक्रारी हमखास असतात. पाव कडक होता, क्रोसाँ करपलेला होता, दुसऱ्या दिवशी खाववला नाही, दुपारी गेलो तर माल संपलेला. यातल्या बऱ्याच तक्रारी म्हणजे खरे तर या पदार्थांचे गुणधर्म आहेत. ज्या गोष्टींबद्दल जाब विचारायला हवा, त्या मात्र क्वचितच विचारल्या जातात.

पाव कडक का असतो?

बगेतमध्ये पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढेच असते. पाव मऊ ठेवणारी साखर, दूध किंवा तेल त्यात नसते. त्यामुळे साल कुरकुरीत होते आणि पाव दुसऱ्या दिवशी वातड होतो. फ्रिजमध्ये ठेवला तर तो आणखी लवकर शिळा लागतो. सालीचा गडद तपकिरी रंग म्हणजे करपणे नव्हे. चव आणि सुगंध तिथूनच येतो. सावरडोची आंबूस चवही बिघडल्याची खूण नाही. आंबोळीचे पीठ आंबते, तसेच हे पीठ सावकाश आंबवलेले असते.

कडक पाव मराठी माणसाला नवा नाही. इराण्याकडचा ब्रुन कडकच असतो आणि तो चहात बुडवून आवडीने खाल्ला जातो. तोच कडकपणा वातानुकूलित दुकानात, चौपट दाम मोजून वाट्याला आला की एक स्टार मिळतो.

दुपारीच माल कसा संपतो?

दिवसभर टिकणार नाही असा माल बेताचाच भाजावा लागतो. गोव्यात पोदेर सकाळ-संध्याकाळ दारावर येतो, तो याचसाठी. संध्याकाळी सात वाजता कपाट गच्च भरलेले असेल, तर तो माल कधी भाजला, हा प्रश्न खरे तर ग्राहकाला पडायला हवा.

घरपोच मागवलेल्या क्रोसाँची गोष्ट वेगळी. बंद डब्यातली वाफ आणि पावसाळ्यातली दमट हवा यांनी पापुद्रे नरम पडतात. अशा वेळी ग्राहक बेकरीला नाही, तर डब्यातल्या अर्ध्या तासाला गुण देत असतो. ओव्हनमध्ये पाच मिनिटे गरम केल्यास कुरकुरीतपणा बराच परत येतो, मायक्रोवेव्हमध्ये नाही.

मग दाम एवढे का?

चिरोट्याला साटा लावतात, तसे क्रोसाँच्या पिठात बटरची लादी ठेवून घड्या घालतात. तीन पदरी घडी तीनदा घातली की बटरचे २७ थर होतात. प्रत्येक घडीनंतर पीठ गार करावे लागते. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते आणि वितळले की थर एकमेकांत मिसळून जातात. म्हणजे मे महिन्यात हे काम थंड खोलीतच होऊ शकते. शिवाय मैद्याच्या जवळपास निम्म्या वजनाचे बटर लागते. बटर, वीज आणि वेळ यांचा हा खर्च आहे. पण दाम बटरचे आणि आत मात्र वनस्पती चरबी, असे असेल तर तक्रार रास्तच ठरते.

फ्रान्समध्ये नियम काय आहेत?

फ्रान्सच्या १९९३ च्या आदेशानुसार ‘पारंपरिक फ्रेंच पाव’ म्हणून विकायच्या पावात रासायनिक पूरके घालता येत नाहीत आणि तो कोणत्याही टप्प्यावर गोठवता येत नाही. १९९८ च्या कायद्यानुसार, जिथे पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंतचे काम जागेवरच होते, त्याच दुकानाला ‘बुलाँजरी’ म्हणवता येते. २०२२ मध्ये बगेतच्या कारागिरीला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

मात्र हा कायदा पावापुरता आहे, क्रोसाँला तो लागू नाही. त्यामुळे कारखान्यात गोठवलेले आणि दुकानात फक्त भाजलेले क्रोसाँ फ्रान्समध्येही विकले जातात. बटरचा क्रोसाँ आणि साधा क्रोसाँ हा फरक तिथले ग्राहक विचारून घेतात. भारतात तर ‘बेकरी’ किंवा ‘फ्रेंच’ या शब्दांना असे कोणतेच संरक्षण नाही. खाद्यतेल आणि चरबीतल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. पण सुट्या क्रोसाँत बटर आहे की मार्जरीन, हे विचारल्याशिवाय कळत नाही. अंड्याचेही तसेच. क्रोसाँच्या पिठात बहुधा अंडे नसते, पण वरची चकाकी अनेकदा अंड्याच्या हाताची असते. शाकाहारी ग्राहकाला हे न विचारता सांगणे दुकानदाराचे कर्तव्य आहे.

एका स्टारने काय बिघडते?

वीस जणांनी मिळून ४.५ रेटिंग दिलेल्या बेकरीला आणखी दोघांनी एकेक स्टार दिला, तर सरासरी ४.२ च्याही खाली येते. मोठ्या साखळी दुकानाला हजारो मतांत दोन मते जाणवत नाहीत, गल्लीतल्या बेकरीला मात्र ती महाग पडतात. मग मालक सोपा मार्ग धरतो. पावात साखर आणि तेल वाढते, साल फिकट होते, क्रोसाँ गोठवलेला येतो. तक्रारी थांबतात, दाम मात्र तेच राहते. चांगला कारागीर हरतो आणि ग्राहकही फसतो.

मत कसे नोंदवावे?

भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन ग्राहक-मतांसाठी मानक आणले, पण ते ऐच्छिक आहे. त्यामुळे जबाबदारी लिहिणाऱ्यावरच येते. काय घेतले, किती वाजता घेतले, दुकानात खाल्ले की घरी मागवले, हे मतात असावे. बटर, अंडे, भाजण्याची वेळ यांबद्दल विचारले तेव्हा सरळ उत्तर मिळाले का, हेही लिहावे. आतून कच्चा पाव, कालचा माल आजचा म्हणून विकणे, उत्तराची टाळाटाळ यांना एक स्टार जरूर द्यावा. कडक पाव आवडला नाही, तर तसेही लिहावे; ती आवड झाली. तिची शिक्षा भट्टीपाशी पहाटेपासून उभ्या असलेल्या माणसाला होऊ नये.