तिऱ्हाईत पंच कोठून आणायचा?

तिसगाव हे अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जाताना लागणारे गाव. अशा गावात दोन भाऊबंदांमध्ये बांधाचा तंटा उभा राहिला आणि पंच नेमण्याची वेळ आली, की दोन प्रश्न हमखास निघतात. पंच कोणाच्या बैठकीतला, हा पहिला. त्याला बांध ठरवायला बोलावले असताना तो विहिरीच्या पाळीवर का बोलतो, हा दुसरा. कायद्याच्या परिभाषेत पहिल्याला लवादाची निःपक्षपाती वृत्ती म्हणतात, दुसऱ्याला अधिकारक्षेत्र. लंडन, पॅरिस किंवा सिंगापूर येथे कोट्यवधी डॉलरच्या व्यापारी तंट्यांत नामवंत वकील जो काथ्याकूट करतात, त्याचा मोठा भाग या दोन प्रश्नांचाच असतो.

मराठेशाहीला हे प्रश्न अपरिचित नव्हते. वतनाचा वाद गोतसभेपुढे आला, की होईल तो निवाडा मान्य करू असा लेखी राजीनामा दोन्ही पक्षांकडून आधीच घेतला जाई. (आज राजीनामा म्हणजे खुर्ची सोडणे, तेव्हा तो राजीखुशीने लिहून दिलेला कबुलीचा कागद होता.) स्थानिक गोत प्रतिपक्षाला धार्जिणे आहे अशी तक्रार झाली, तर वाद परस्थळी नेण्याची सोयही होती. संमती आधी, हरकत वेळेवर आणि निवाडा नंतर, असा तो क्रम होता.

हा क्रम उलटा झाला म्हणजे काय होते, याचा धडा महाराष्ट्राने दाभोळमध्ये गिरवला आहे. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य विद्युत मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. गुहागर तालुक्यात उभ्या राहणाऱ्या प्रकल्पातील वीज रुपयांत विकली जाणार होती आणि तिचे ग्राहक तिसगावपासून सावंतवाडीपर्यंत पसरलेले होते. तंटा झालाच तर तो मात्र लंडनमध्ये लवादापुढे चालायचा होता! सही करताना या कलमाकडे किती जणांनी लक्ष दिले असेल? चर्चा सारी दराची आणि हमीची होती.

१९९५ मध्ये सत्तांतर झाले. प्रकल्प समुद्रात बुडवण्याची भाषा करून सत्तेवर आलेल्या युती सरकारने ऑगस्टमध्ये करार रद्द केला. कंपनीने लंडनमध्ये लवाद मागितला, तर राज्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावून मूळ करारच अवैध असल्याचे म्हणणे मांडले. ही भूमिका शेवटपर्यंत लढवली गेली असती, तर करारच सदोष असेल तेव्हा त्यातील लवादाचे कलम टिकते काय, या मूलभूत प्रश्नाचा निकाल लागला असता. पण त्याच सरकारने वाटाघाटी केल्या, सुधारित करार केला आणि दावा मागे घेतला. लंडनचे कलम मात्र राहिले. ज्यांच्याकडून अपेक्षा अधिक होत्या त्यांनीही हे केले, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

पुढचा अंक २००१ मधला. जानेवारीच्या अखेरीस थंड अवस्थेतील संच ठरलेल्या वेळात पूर्ण क्षमतेने चालवता आला नाही, म्हणून मंडळाने ४०१ कोटी रुपयांच्या वजावटीचा दावा केला. हा वाद निखळ तांत्रिक होता. जाणकार पंचांनी सोडवावा असाच. परंतु कंपनीने लंडनची वाट धरताच मंडळ राज्य वीज नियामक आयोगाकडे गेले आणि मे महिन्याच्या अखेरीस आयोगाने कंपनीला लवादाची कार्यवाही पुढे नेण्यास मनाई केली. १९९८ च्या कायद्याने असे तंटे ऐकण्याचा अधिकार आयोगाला दिला आहे, हा मंडळाचा युक्तिवाद पोकळ नव्हता. मात्र आयोगाचे सदस्य राज्य सरकारने नेमलेले होते आणि मंडळही त्याच सरकारचे होते. आयोग कितीही स्वायत्त असो, समोरच्या पक्षाच्या नजरेत तो घरचाच पंच ठरला. सप्टेंबर २००३ मध्ये प्रकल्पाच्या विम्याचा वाद ऐकणाऱ्या अमेरिकेतील लवादाने, भागधारकांचा लवादाचा हक्क आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध हिरावला गेला, असा निष्कर्ष काढून विमा कंपनीवर भरपाईची जबाबदारी टाकली. तो निष्कर्ष पटो वा न पटो, भारताच्या नावावर तो कायमचा लिहिला गेला. २००५ मध्ये तडजोडी होऊन प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवरकडे गेला.

आपला १९९६ चा लवाद कायदा या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देतो, पण थोड्या हात राखून. अधिकारक्षेत्राची हरकत लवादाने स्वतःच ठरवायची. ती मान्य झाली तर अपील आहे. फेटाळली गेली तर कार्यवाही पुढे चालू आणि न्यायालयाचे दार अंतिम निवाड्यानंतरच. पंचाच्या पक्षपाताबद्दलची हरकत फेटाळली गेली तरी तेच. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या १९८५ च्या नमुना कायद्यावरून आपला कायदा बेतला, त्यात तीस दिवसांत न्यायालयात जाण्याची तरतूद होती. ती आपण वगळली. दिरंगाई टाळण्याचा हेतू योग्यच, परंतु त्यामुळे पंच नेमतानाची दक्षता कितीतरी पटीने महत्त्वाची झाली.

आणि येथेच सरकारी आस्थापनांना आरसा दाखवावा लागतो. परक्या कंपनीने लंडन मागितले की आपण पक्षपाताची शंका घेतो. पण रस्त्याचे किंवा वीजवाहिनीचे काम घेणाऱ्या लहान कंत्राटदाराच्या करारात काय असते? तंटा झाल्यास आस्थापनेचा वरिष्ठ अधिकारी पंच नेमील! २०१५ च्या दुरुस्तीने हितसंबंधी पंचांची यादीच कायद्यात घातली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ज्याचे निकालात हित आहे त्याने एकमेव पंच नेमू नये, असे ठरवले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने आणखी पुढे जाऊन, सरकारी करारांतील एकतर्फी नेमणुकीची कलमे समानतेच्या मूलभूत हक्काविरुद्ध असल्याचा निर्णय दिला. तीन सदस्यांच्या लवादांपुरता तो निकालाच्या तारखेनंतरच्या नेमणुकांना लागू आहे. करारांचे छापील नमुने बदलण्याचे काम आता मंत्रालयापासून जिल्हा परिषदेपर्यंतच्या अधिकाऱ्यांकडे आहे. त्यासाठी ना न्यायालयाची परवानगी लागते, ना परदेशी सल्लागाराची.