पॅरोल मिळाला, पण घरी कधी?

पॅरोल म्हटलं की आपल्याकडे आठवते ती अभिवचन रजा. कैदी थोडे दिवस घरी येतो, पुन्हा आत जातो. मी राहते त्या टेक्सासमध्ये तसं नाही. इथे पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा देखरेखीखाली बाहेर राहून पुरी करायची. पण मंडळाने होकार दिला की माणूस लगेच घरी आला, असं मात्र नव्हे! कागदावर 'एफआय-६आर' असा शेरा असला, तर आधी तुरुंगातला व्यसनमुक्तीचा सहा महिन्यांचा वर्ग पुरा करायचा, मगच सुटका.

माझ्या ओळखीतल्या एका आईने होकार कळताच मुलाची खोली आवरली. मग कळलं, आधी दुसऱ्या तुरुंगात बदली, तिथे जागा मिळाली की वर्ग. तारीख कुणीच सांगेना. फोनचा खर्च, भेटीसाठी लांबचा प्रवास चालूच. नातवंडांना काय सांगायचं?

वर्ग नकोत, असं मी मुळीच म्हणत नाही. व्यसन न सुटता घरी आलेला माणूस घराला पुन्हा रडवतो, हे आपल्या बायकांइतकं कुणाला ठाऊक? पण व्यसन आहे हे आधीपासून माहीत असतं ना? मग होकाराची वाट न बघता वर्ग आधीच का घेऊ नये? आणि निदान तारीख तरी घरच्यांना कळवावी.

तुमच्या शेजारी असं घर असेल, तर "कधी सुटणार?" असं विचारू नका. "काही हवंय का?" एवढंच विचारा.