या वयात कशाला?

मास्टर्स अ‍ॅथलेटिक्सचा विषय निघाला की आमच्या पँट्रीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. म्हणणारे कोण? तर तिशीच्या आतले, दोन जिने चढून धापा टाकणारे.

दुसरी प्रतिक्रिया "सो क्यूट!" ही तर जास्तच डोक्यात जाते. २०१७ मध्ये ऑकलंडच्या वर्ल्ड मास्टर्स गेम्समध्ये १०१ वर्षांच्या मान कौर १०० मीटर ७४ सेकंदांत धावल्या. फोटो सगळ्यांनी फॉरवर्ड केला, वेळ किती जणांनी वाचली? वर "गटात एकट्याच होत्या, सुवर्णपदक मिळणारच" हे शहाणपण. अहो, शेजारच्या लेनमध्ये कुणी नसलं तरी घड्याळ असतंच की! २०२२ मध्ये वडोदऱ्याला १०५ वर्षांच्या रामबाईंनी तेच अंतर ४५.४० सेकंदांत कापलं. पाच वर्षांत २८ सेकंदांहून जास्त फरक. याला कौतुकसोहळा नाही म्हणत राव, स्पर्धा म्हणतात.

तिसरा आक्षेप: यांना नियम सोपे. हो, पुरुषांचा गोळा पन्नाशीला ७.२६ किलोवरून ६ वर येतो, ऐंशीला ३ वर. मग? बॉक्सिंगमधले वजनाचे गट कुणाला खटकत नाहीत ते?

या स्पर्धांचं दार उघडतं पस्तिशीला. आणि आपण तिशीतच "आता वय झालं" म्हणून मोकळे!

असो. पुढच्या वेळी एखाद्या आजींचा फोटो आला, की बदाम टाकण्याआधी एवढंच विचारा: टायमिंग किती?