मागच्या दाराचा कैवार

डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ऑगस्टातल्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांची जत्रा भरते. १९९५ पासूनचा हा शिरस्ता. मैलोन्‌मैल फुटपाथवर लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसतात आणि साठ-सत्तर सालच्या गाड्या घुमत, धूर काढत समोरून जातात. भाच्याकडे मिशिगनला गेलो असताना मीही एका खुर्चीवर बसलो होतो. उन्हं कलता कलता गडद हिरवी डॉज चार्जर आली, १९६८ ची. तेच दिवे झाकून घेतलेलं काळं, आडवं तोंड, मागच्या चाकावर तीच फुगलेली कंबर, शेपटाला तेच गोल दिवे. फक्त हिला चार दारं होती.

१९६८ साली डॉजनं अशी चार्जर बनवलीच नव्हती. कुणीतरी पत्रा कापून, जोडून, ठोकून ती घडवली होती. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं मान फिरवली, ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत वळवलीच नाही. सोवळ्यात विटाळ झाल्यावर आमच्या आजीचा व्हायचा, अगदी तस्सा चेहरा.

त्या चेहऱ्यामागे एक पक्की विचारसरणी आहे आणि तिला मानणारे पुष्कळ आहेत. म्हणून आधी त्यांचा पूर्वपक्ष नीट मांडतो.

त्यांचं म्हणणं चार कलमांत बसतं. एक, मसल कार म्हणजे दोन दारांचीच गाडी. चार दारं आली की ती बाजारहाटाची सेदान झाली. दोन, या गाड्यांचं रूप त्यांच्या लांब दारात आणि उतरत्या छपरात आहे. मध्ये खांब आणि आणखी एक दार घुसडलं की रेषा मोडते. तीन, या गाड्या म्हणजे वारसा. त्यांच्यावर करवत चालवणं म्हणजे देवळाच्या दगडांनी गोठा बांधणं. आणि चार, चारच दारं हवी असतील तर अलीकडची चार्जर घ्या की, ती कंपनीनंच चार दारांची काढली होती.

पहिलं कलम इतिहासाचं आहे आणि इतिहासातच ते कोसळतं. मसल कारचा कूळवृत्तांत मुळात घरगुती आहे. मध्यम आकाराच्या, चारचौघांच्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन कोंबायचं, एवढीच ती युक्ती. १९६४ ची पॉन्टियॅक जीटीओ घ्या. जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टियॅकच्या लोकांनी ३८९ घनइंचांचं इंजिन स्वतंत्र मॉडेल म्हणून न आणता टेम्पेस्ट लमान्सवरचा जादा पर्याय म्हणून आणलं आणि नियमाला बगल दिली. म्हणजे जिला या घराण्याचा मूळ पुरुष मानतात, ती जन्मली किंमतयादीतल्या एका ओळीतून.

त्याच वर्षी ओल्ड्समोबिलनं उत्तर दिलं, ४-४-२. चार तोंडांचा कार्बोरेटर, चार गिअर, दोन सायलेन्सर. नावातच सगळा हिशेब. दारांचा मात्र उल्लेख नाही, आणि तो नसण्याला अर्थ आहे. त्या पहिल्या वर्षी हे पॅकेज चार दारांच्या एफ-८५ सेदानवरही मागवता येत होतं. ते मुळात पोलिसांच्या पाठलागाचा सरंजाम म्हणून पुढे आलं होतं. तशा गाड्या अगदी मोजक्या निघाल्या, पण निघाल्या. धर्मशास्त्र लिहिलं जाण्याआधीच अधर्म कंपनीच्या दारातून बाहेर पडला होता!

ऑस्ट्रेलियात तर सगळा डावच उलटा. तिथली फोर्ड फाल्कन जीटी १९६७ साली आली ती सेदान म्हणूनच. १९७१ ची फाल्कन जीटीएचओ फेज थ्री चार दारांची, ३५१ घनइंच इंजिनाची, जेमतेम ३०० बनलेली. त्याच वर्षी अॅलन मॉफॅटनं ती चालवून बाथर्स्टची शर्यत जिंकली. पुढे तिच्या एका नगाला लिलावात दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त बोली लागली आहे. होल्डन मोनॅरो १९६८ साली दोन दारांची होती. १९७३ मध्ये मोनॅरो जीटीएस चार दारांतही मिळू लागली. तिथे कुणाचं सोवळं मोडलं नाही. एकाच जातीच्या गाडीला एका देशात दोन दारं शोभतात आणि दुसऱ्या देशात चार, तेव्हा दारांचा आकडा हे त्या जातीचं लक्षण म्हणता येत नाही. तो त्या त्या बाजाराचा रिवाज झाला.

दुसरं कलम रूपाचं. इथे मी निम्मी हार आधीच मान्य करतो, कारण चार दारांच्या बहुतेक हौशी गाड्या खरोखर कुरूप असतात. पण त्या का कुरूप असतात, हे आक्षेप घेणारे सांगत नाहीत. सांगितलं असतं तर त्यांचं उत्तर त्यांनाच सापडलं असतं.

दाराला जागा लागते. जनरल मोटर्सला हे ठाऊक होतं. १९६८ पासून त्यांनी शेव्हेलच्या दोन दारांच्या गाडीचा चाकांमधला पल्ला ११२ इंच ठेवला आणि चार दारांच्या गाडीचा ११६. फोर्ड मस्टँगचा पल्ला १०८ इंच. तिला न ताणता चार दारं लावली तर मागचं दार कपाटाच्या फळीएवढं होतं. गाडीला बूड उरत नाही. तिथे टीका रास्त आहे.

पण १९६८ च्या चार्जरचा पल्ला ११७ इंच आहे, आणि त्याच साच्यातल्या डॉज कॉरोनेट सेदानचाही ११७ च. चार्जरच्या त्या लांबलचक दाराखाली चार दारांची जागा पहिल्यापासून पडून आहे. अडचण छपराची. सेदानचं छप्पर उंच, सरळ. चार्जरचं बुटकं, आणि मागची काच दोन उतरत्या पाखांच्या मध्ये आत ओढून बसवलेली. तेव्हा कारागिरापुढे प्रश्न असतो तो एवढाच: मागे बसणाऱ्याचं डोकं छपराला लागू न देता हा उतार कुठून सुरू करायचा? हा प्रश्न अवघड आहे. अवघड प्रश्नाचं उत्तर पुष्कळांचं चुकतं. म्हणून प्रश्न विचारणंच पाप ठरत नाही.

तिसरं कलम वारशाचं. ते ऐकायला सगळ्यांत भारदस्त आणि आतून सगळ्यांत पोकळ. १९६८ सालच्या एका वर्षात नव्वद हजारांहून जास्त चार्जर बनल्या. पुढे ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ ही मालिका १९७९ ते १९८५ अशी चालली आणि तिच्यासाठी शेकडो चार्जर खड्ड्यांवरून उडवून भंगारात काढल्या गेल्या. मालिकेतल्या त्या नारिंगी चार्जरवर सगळी अमेरिका जीव टाकते. कथेत तिची दारं वेल्डिंग करून बंद केलेली. नायक खिडकीतून आत उडी मारतात. जगातल्या सर्वांत लाडक्या चार्जरला उघडणारी दारं शून्य! शून्य चालतात, चार खुपतात, हा कुठला न्याय?

शिवाय कापणं हीच विटंबना असेल तर अमेरिकेच्या हौशी गाड्यांची सगळी परंपराच विटंबना ठरते. जॉर्ज बॅरिसच्या कॅलिफोर्नियातल्या वर्कशॉपमध्ये १९५२ साली एका १९५१ च्या मर्क्युरीचं छप्पर कापून बसकं केलं, मधले खांब काढून टाकले, अंगभर रेषा नव्यानं ओढल्या. ती ‘हिरोहाता मर्क’ आज अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत आहे. खांब काढला की कला आणि खांब घातला की खाटीकखाना, असं म्हणणाऱ्याला वारशाची चाड नसते. त्याला एका विशिष्ट छायाचित्राची सवय झालेली असते.

या कलमातला एक कण मात्र खरा आहे आणि तो मी उचलून डोक्याला लावतो. मूळ इंजिन-गिअरबॉक्ससकट जपलेली, हेमी इंजिनाची, अस्सल चार्जर कुणी कापायला घेतली तर मीही करवतीसमोर आडवा पडेन. पण ज्याला काम कळतं तो तसं करतच नाही, आणि त्याचं कारण भावनेपेक्षा लोखंडात आहे. चार्जरला खालून वेगळी चॅसिस नाही. पत्र्याची पेटीच सगळा भार पेलते. दोन दारांच्या, खांब नसलेल्या गाडीचं अंग कापून मध्ये खांब उभा करणं म्हणजे घर बांधून झाल्यावर पाया खणणं. त्यापेक्षा कॉरोनेट सेदान घ्यावी. तिला छपरापासून उंबरठ्यापर्यंत खांब आहे, चार दारांच्या चौकटी आहेत, बिजागऱ्या आहेत. तिच्यावर चार्जरचं तोंड, शेपूट आणि कंबर चढवावी, तीही ठोकर बसलेल्या किंवा गंजून गेलेल्या चार्जरची. चार दारांच्या त्या सेदान वर्षानुवर्षं ‘पार्टसाठी’ म्हणूनच विकल्या गेल्या. दोन दारांच्या बहिणी सजाव्यात म्हणून त्यांचे अवयव काढले गेले. इथे पहिल्यांदाच उलटी गंगा वाहते आणि दोन मेलेल्या गाड्यांतून एक चालती होते.

चौथं कलम, नवी घ्या. २००६ चं मॉडेल म्हणून चार्जर चार दारांची आली तेव्हा याच मंडळींनी आकाश-पाताळ एक केलं होतं. मग ती खपली, पोलिसांनी उचलली, २०२३ पर्यंत बनत राहिली, आणि आता तीच या मंडळींच्या युक्तिवादात साक्षीदार म्हणून उभी आहे. पण ज्याला १९६८ च्या कंबरेचा मोह पडला आहे त्याला २००६ ची गाडी सुचवणं म्हणजे पैठणी मागणाऱ्याला रेनकोट देणं. उपयोगी आहे, मागितलं ते नाही.

एवढं खंडन पुरे. आता माझ्या बाजूचं सांगतो.

मोठं इंजिन कॅटलॉगमधून मागवता येतं. रंग, चाकं, बैठका, सगळं पैसे टाकून मिळतं. जी गाडी कधी बनलीच नाही तिचं मागचं दार कुठेच विकत मिळत नाही. ते करावंच लागतं. चार्जरची कंबर दाराच्या मागच्या टोकाशी वर चढायला लागते. चार दारांत हा चढ नेमका मागच्या दारावर येतो. म्हणजे सेदानच्या दाराचा सांगाडा ठेवायचा, वरचा पत्रा सोलायचा आणि चार्जरच्या मागच्या अंगाचा पत्रा कापून त्यावर मढवायचा. चाकाच्या कमानीपाशी दाराची कड आत वळते, तिथे तो पत्रा सुरकुततो. पुढच्या दारावर चार्जरच्या दोन खोलगट खाचा आहेत. दार आखूड झालं की त्यांचं प्रमाण बिघडतं, तेव्हा त्याही नव्यानं बसवायच्या. कड्या, काचेच्या पट्ट्या, रबर, पाणी वाहून जायची भोकं, आणि शेवटी चारी बाजूंनी सारखी, करंगळीच्या नखापेक्षाही बारीक फट. लांबी भरून हे झाकता येत नाही. उन्हात उभी केली की लांबीची लाट दिसतेच. आपल्याकडच्या कुठल्याही जाणत्या डेंटरला विचारा, सगळ्यांत अवघड काम कोणतं. तो दाराकडे बोट दाखवील.

आणि दार करायचं कुणासाठी? मसल कारचा मागचा बाक हा या सगळ्या प्रकरणातला उपेक्षित. पुढची बैठक वाकवून, अंग चोरून तिथे शिरायचं. म्हातारं माणूस तर शिरतच नाही. चार दारं करणारा माणूस हा वेग, तो आवाज, ती कंबर एकट्या चालकाची मिरास मानत नाही. घरातल्या सगळ्यांना तो त्यात घेतो.

हे आपल्याला नवं वाटायचं कारण नाही. मिचेलॉटीनं आखलेली ट्रायम्फ हेरल्ड १९५९ साली इंग्लंडात निघाली ती दोन दारांची, आणि तिथे शेवटपर्यंत दोनच दारांची राहिली. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं ती इथे बनवायला घेतली आणि साठच्या दशकाच्या अखेरीस तिला चार दारं केली. मग त्यातूनच गॅझेल आली. मिचेलॉटीची रेषा मोडली म्हणून इथे कुणी सुतक पाळलं नाही. इथे गाडी सबंध घरासाठी घेतली जात होती आणि मागे नऊवारीतली आजी बसणार होती. हेरल्डला स्वतंत्र चॅसिस होती, म्हणून ते काम तुलनेनं सोपं गेलं, हेही खरं. पण बुद्धी आधी झाली आणि पत्रा मागून कापला गेला.

माझ्या अटी तीनच. अस्सल, दुर्मीळ गाडीला हात लावू नये. केलेलं काम लपवून ‘कंपनीचा गुप्त नमुना’ म्हणून विकू नये. आणि दार नुसतं दिसायला नको. त्यातून माणूस आत गेला पाहिजे.

ही तिसरी कसोटी मी त्या संध्याकाळी लावून पाहिली. हिरवी चार्जर पुढे एका पार्किंगमध्ये उभी होती. मालकाला म्हटलं, मागे बसू का? त्यानं स्वतः दार उघडलं. डोकं न वाकवता आत गेलो, गुडघे मोकळे राहिले, दार एका बोटानं ओढलं आणि ते जाड, बसका आवाज करून लागलं. मग काच खाली करायला हँडल फिरवलं. काच निम्म्यावर येऊन थांबली. चाकाच्या कमानीनं दाराचा पोटातला भाग खाल्ला होता, काचेला उतरायला जागाच नव्हती.

मी काही बोललो नाही. तोच खिडकीशी वाकला, निम्म्यावर अडकलेल्या काचेकडे बघत म्हणाला, सगळ्यांना छप्पर खटकतं, मला हे खटकतं. या हिवाळ्यात दार पुन्हा उघडणार आहे.