घड्याळ काढून ठेवताना

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, कपाटातल्या एखाद्या पत्र्याच्या डब्यात, एक बंद पडलेले घड्याळ जपून ठेवलेले असते. बहुधा ते एच. एम. टी.चे, चावीचे, पट्टा तुटलेला, काच धुरकटलेली. वडिलांना ते लग्नात मिळालेले असते किंवा पहिल्या पगारातून त्यांनी घेतलेले असते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळुरात या घड्याळांचा कारखाना उभा राहिला आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. सुटे भाग आता सहजी मिळत नाहीत, दुरुस्त करणारे हातही कमी झाले. तरीही ते घड्याळ टाकून देण्याचे धाडस कोणाला होत नाही. या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थी जमलो असता बोलता बोलता प्रत्येकाच्या डब्यातले घड्याळ निघाले, आणि त्यातून हे लिहिणे घडले.

आमचे मत सरळ आहे. ही घड्याळे आता सोडून द्यावीत, आणि अंगी असलेल्या वेळेच्या जाणिवेवर थोडा विश्वास टाकायला शिकावे. मात्र बीड जिल्ह्यात राहून हे मत इतक्या सहजपणे मांडता येत नाही.

मुळात ते घड्याळ आमच्या वडिलांनी का बांधले, हे आठवले पाहिजे. त्यांच्या आधीच्या पिढ्यांची वेळ त्यांच्या मालकीची नव्हती. गावकीच्या कामाची हाक आली की दुपार असो, मध्यरात्र असो, उठून जावे लागे. अशा घरातल्या माणसाने मनगटावर घड्याळ बांधणे म्हणजे माझी वेळ मी पाहीन, हे चारचौघांत न बोलता सांगणे होते. शाळेच्या कार्यक्रमाला येताना आमचे वडील बाही जरा वर सरकवून बसत, त्याचे तेव्हा हसू येई. आज येत नाही.

घड्याळाच्या आधीही वेळ होतीच. आजी सांगे ती वेळ : झुंजुमुंजू झाले, तांबडे फुटले, दिवस कासराभर वर आला, गुरे परतली, दिवेलागण झाली. थंडीत तिकांडे मावळतीकडे कलले की रात्र किती उरली हे तिला अंथरुणातूनच कळे. ही भाषा ऐकली की शहरात स्थिरावलेल्या आमच्यासारख्यांना गहिवर येतो, आणि या गहिवराची आम्हांला थोडी धास्ती वाटते. कारण याच जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टर-ट्रक भरून माणसे ऊसतोडीला जातात. फडावरच्या बाईला पहाटे तीनला कोणी उठवावे लागत नाही. ती आपोआप उठते. तिची ही जाणीव निसर्गाने दिलेली नाही. ती उचलीच्या हिशेबाने, मुकादमाच्या हाकेने आणि कारखान्याच्या गाडीच्या आवाजाने अंगात ठोकून बसवलेली आहे. गाडी आली की तोडलेली मोळी रात्री-अपरात्री भरून द्यावी लागते, आणि एक दिवस काम चुकले तर खाड्याचा भुर्दंड नवरा-बायकोच्या कोयत्यावर बसतो.

शरीराची वेळ आणि कामाची वेळ यांचा झगडा किती टोकाला जाऊ शकतो, तेही आमच्याच जिल्ह्याने पाहिले. २०१९ साली राज्य शासनाच्या समितीसमोर जी पाहणी आली, तीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. कारणे एकाच प्रकारची नव्हती. आजार होते, अज्ञान होते, शस्त्रक्रियेचा सल्ला झटकन देणारे दवाखाने होते. पण दर महिन्याला शरीर जी वेळ सांगते, ती पाळायला फडावर जागा नसते, पाणी नसते, आडोसा नसतो, हेही त्यांतले एक कारण होतेच. अशा बाईला ‘अंतःप्रेरणेवर विसंबून राहा’ असे सांगायला गेलो तर तिने आम्हांला काय उत्तर द्यावे?

म्हणूनच आपल्या निवासी शाळेने काय केले, ते आम्हांला आता नीट दिसते. दिवाळीनंतर आई-वडील फडावर गेले की आमच्यातली काही मुले पहिले पंधरा दिवस पहाटे तीनला टक्क जागी होत आणि अंथरुणावर नुसती बसून राहत. तोडीवर आईबरोबर उठायची सवय होती. वसतिगृहाचे सर कंदील घेऊन येत आणि एवढेच म्हणत, “झोप बाळा, अजून रात्र आहे.” महिनाभराने ही मुले पाचच्या टोलापर्यंत झोपू लागत. शाळेने आम्हांला वक्तशीरपणा शिकवला, असे भाषणांत नेहमी सांगितले जाते. आमच्या मते तिने त्याआधी झोप दिली.

बाबासाहेबांच्या चरित्रात परळच्या चाळीतली एक हकिकत येते. खोली एकच, माणसे पुष्कळ. भीमराव लवकर झोपी जात. सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मुलाला अभ्यासाला उठवत आणि मग त्याच्या रिकाम्या जागेवर स्वतः अंग टाकत. ऊसतोडीची आईही त्याच सुमारास जागी असते. एकाच घटकेला दोन घरांत माणूस जागा असतो, आणि त्या जागण्याचा मालक कोण यावरून पुढचे सगळे ठरते.

शरीरात घड्याळ आहे, ही आता केवळ आजीची समजूत राहिलेली नाही. फळमाशीच्या पेशींत दिवस-रात्रीचे चक्र कोणती जनुके कशी चालवतात, हे उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या मेंदूतही असे केंद्र आहे आणि डोळ्यांतून आत येणारा उजेड ते रोज जुळवून घेतो. म्हणजे या घड्याळाला चावी लागते ती उजेडाची. रात्री उशिरापर्यंत मोबाईलच्या पडद्यापुढे बसणाऱ्या पालकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. त्यांत आम्हीही आलो.

शिवाय मनगटावरचे घड्याळ दाखवते ती वेळ तरी बीडची कुठे आहे? १ जानेवारी १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरली. मुंबईने हट्टाने आपली ३९ मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत जपली. बीड शहर पावणेशहात्तर अंशांच्या आसपास आहे, म्हणून आपला सूर्य प्रमाणवेळेच्या सरासरी २७ मिनिटे मागे चालतो. तेही रोज सारखे नाही. १४ एप्रिलला, भीमजयंतीच्या दिवशी, आपल्याकडे सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो तो १२ वाजून २७ मिनिटांच्या सुमारास, तर १४ ऑक्टोबरला, धम्मदीक्षेच्या दिवशी, १२ वाजून १३ मिनिटांच्या सुमारास. भिक्खूंना मध्यान्हानंतर भोजन वर्ज्य आहे. तो नियम घातला गेला तेव्हा मध्यान्ह सूर्यावरूनच ठरत होते. विनयाच्या महावग्गात तर उपसंपदा होताच सावली मोजावी, ऋतू आणि दिवसाचा भाग सांगावा, असे सांगितले आहे. संघातली ज्येष्ठता त्या सावलीवरून लागे. अंदाज आणि माप यांचे वैर आहे असे त्या काळी कोणाला वाटले नसावे.

म्हणून शाळेपुढे आमची एक विनंती आहे. महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या दिवशी, कार्यालयातले घड्याळ झाकून ठेवावे आणि टोल देण्याचे काम मुलांकडे सोपवावे. वंदनेची वेळ झाली, भुकेची वेळ झाली, दिवे मालवायची वेळ झाली, हे त्यांनी ठरवावे. चुकले तर रागावू नये. रात्री घड्याळ उघडून किती चुकले ते वहीत लिहावे. आनापानाच्या तासाला जे मूल श्वास कधी आत आला, कधी बाहेर गेला हे पाहायला शिकते, त्याला हे अवघड जाणार नाही. आणि परीक्षेला, एस.टी.ला, दवाखान्याला जाताना घड्याळ जरूर पाहावे. तेथे अंदाज चालत नाही.

राहिली डब्यातली घड्याळे. आम्ही काही जणांनी ती जमा करून ओळखीच्या घड्याळजींना द्यायचे ठरवले आहे; एकाच्या काट्याने, दुसऱ्याच्या स्प्रिंगने तिसऱ्या कुणाचे तरी चालू होईल. देताना हात अडखळेल, हे माहीत आहे. एकाने तर आताच विचारले की निदान पट्टा तरी ठेवून घेऊ का? ठेवावा.

येत्या भीमजयंतीला मिरवणुकीची तयारी चालू असताना शाळेच्या अंगणात एक सरळ काठी रोवावी. मुलांनी तिच्या सावलीच्या टोकाशी खडे मांडत जावे आणि सावली सर्वांत आखूड झाली असे त्यांना वाटेल तेव्हा टोल द्यावा. कार्यालयातल्या घड्याळात तेव्हा साडेबाराला तीनेक मिनिटे कमी असतील.