श्रद्धांजलीत न सापडलेले वाक्य

११ सप्टेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेशातील नरसिंहपूर जिल्ह्यात, झोतेश्वरच्या आश्रमात, शंकराचार्य स्वामी स्वरूपानंद सरस्वती यांचे निधन झाले. त्यांच्या वयाला नुकतीच ९८ वर्षे पूर्ण झाली होती. दुसऱ्या दिवशी त्यांना समाधी देण्यात आली. त्यानंतर त्यांच्याविषयी जे बोलले आणि लिहिले गेले, त्याबद्दल हा लेख आहे. गोष्ट तशी जुनी झाली. पण कोणीही धर्मगुरू गेले की दरवेळी हेच घडते, म्हणून ती आज पुन्हा काढावीशी वाटते.

स्वरूपानंदांच्या मृत्यूवर सगळ्यांचे एकमत होणे शक्यच नव्हते. सत्ताधाऱ्यांनी आणि काँग्रेसच्या नेत्यांनी शोक व्यक्त केला. ज्या हिंदुत्ववाद्यांना ते आयुष्यभर टोचत राहिले त्यांच्या गोटात ‘काँग्रेसचे शंकराचार्य’ हा जुना टोमणा होताच. २०१४ मध्ये त्यांनी साईबाबांना देव मानू नका, त्यांची देवळे बांधू नका, असे सांगितले होते. कवर्ध्याला धर्मसंसद भरवून तसा ठरावही करवून घेतला होता. त्यामुळे शिर्डीला श्रद्धेने जाणाऱ्या घरांत त्यांच्याबद्दल कडवटपणा होता. त्याच वर्षी मोदींविषयी प्रश्न विचारणाऱ्या एका पत्रकाराच्या त्यांनी थोबाडीत मारली होती, त्याचीही काहींनी आठवण काढली.

आणि आमचे पुरोगामी मित्र? त्यांना स्वरूपानंदांबद्दल बरेच ममत्व होते. १९४२ च्या चळवळीत तुरुंगात गेलेला तरुण साधू, विश्व हिंदू परिषदेला ‘तुम्ही म्हणजे सगळे हिंदू नव्हे’ असे ठणकावणारा धर्माचार्य, ५ ऑगस्ट २०२० च्या भूमिपूजनाचा मुहूर्तच अशुभ आहे असे जाहीरपणे सांगणारा शंकराचार्य, असे त्यांचे चित्र काढले गेले. ते खोटे नाही. फक्त एक लक्षात ठेवायला हवे. त्यांचा विरोध मंदिराला नव्हता. मंदिर कोणी बांधायचे, पक्षाने की धर्माचार्यांनी, एवढाच त्यांचा वाद होता.

या सगळ्या मतमतांतरांत मी एक वाक्य शोधत होते. कौतुक करणाऱ्यांत ते अपवादानेच दिसले. टीका करणाऱ्यांनीही पक्ष, मंदिर, साईबाबा आणि थप्पड मोजली. हे वाक्य त्यांच्याही यादीत शेवटी, जागा उरली तर, असे होते.

मैत्रिणींनो, ते वाक्य आपल्या महाराष्ट्राविषयीच होते, म्हणून त्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ देत नसत. नरेंद्र दाभोलकर आणि श्रीराम लागू यांच्यासह अनेकांनी २००० साली त्याविरुद्ध सत्याग्रह केला. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक मुलगी चौथऱ्यावर चढली, तेव्हा देवाचे शुद्धीकरण झाले. २६ जानेवारी २०१६ ला भूमाता ब्रिगेडच्या बायकांना पोलिसांनी वाटेतच, सुप्याजवळ अडवले. विद्याताई बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी उच्च न्यायालयात याचिका केली. १९५६ सालीच केलेला मंदिरप्रवेशाचा कायदा महाराष्ट्रात आहे, अडवणाऱ्याला त्यात शिक्षा आहे, त्याची अंमलबजावणी करा, असे न्यायालयाने शासनाला बजावले. ८ एप्रिल २०१६, गुढीपाडवा. त्या दिवशी देवस्थानाने माघार घेतली आणि बायका चौथऱ्यावर गेल्या.

आठवडाही उलटला नव्हता. हरिद्वारहून स्वरूपानंद म्हणाले की, शनीच्या गाभाऱ्यात गेल्याचा विजय बायकांनी साजरा करू नये. शनी हा पापग्रह आहे, त्याची पूजा केल्याने बायकांवर आपत्ती येईल आणि बलात्कार वाढतील. महाराष्ट्रातला दुष्काळ साईबाबांच्या पूजेमुळे पडला, असेही त्यांनी त्याच सुमारास सांगितले. शिंगणापूरला मुळात गाभाराच नाही. छप्पर नसलेला उघडा चौथरा आणि त्यावर काळी शिळा आहे. पण ज्या जागी बाई गेली ती जागा नीट ठाऊक असण्याची गरज त्यांना वाटली नसावी.

दुष्काळाच्या वाक्याला लोक हसले. बलात्काराच्या वाक्यावर स्त्री-संघटना संतापल्या, दोन दिवस चर्चा झाली आणि ते विरून गेले. साईभक्तांच्या भावना दुखावल्या तेव्हा पोलिसांत तक्रारी झाल्या, प्रकरण कोर्टापर्यंत गेले. भक्तांच्या भावना असतात. देवाच्या असतात. बायकांच्या भावना दुखावल्या, हा शब्दप्रयोगच आपल्या भाषेत अजून रुळलेला नाही.

कोणी म्हणेल, एका वाक्यावरून ९८ वर्षांच्या माणसाचे मोजमाप कशाला करता? मी मोजमाप करीत नाही. एवढेच म्हणते की मोजताना हे वाक्यही धरा. कोणी म्हणेल, अहो, म्हातारा माणूस, त्यांचे कोण ऐकते? मग मंत्री आणि मुख्यमंत्री त्यांच्या पायाशी बसत ते कशासाठी? ज्यांचा शब्द मंदिराच्या मुहूर्ताबाबत एवढा वजनदार, त्यांचा शब्द बाईच्या शरीराबाबत मात्र हलका, असे कसे होईल?

त्या शब्दाचे वजन मला रोज दिसते, कारण माझे काम समुपदेशनाचे आहे. अत्याचार झालेली मुलगी घरच्यांबरोबर येते तेव्हा पहिला प्रश्न ‘कोणी केले?’ हा क्वचितच असतो. ‘तू तिथे गेलीसच का?’ हा असतो. एका मुलीला तिच्या आत्याने आमच्यासमोरच विचारले, “पाळीत देवळात गेली होतीस का गं? खरं सांग.” आत्या काही वाईट बाई नव्हती. भाचीला हाताला धरून तीच घेऊन आली होती. झाल्या गोष्टीचे कारण तिला शोधायचे होते आणि कारण शोधायची जागा तिला लहानपणापासून एकच दाखवलेली होती: बाईचे पाऊल. मुलीने मान खाली घातली. तिला तक्रार नोंदवायला तयार करण्याआधी त्या एका प्रश्नाचे ओझे उतरवण्यात आमचे कितीतरी दिवस गेले. तोवर आरोपी, घरात येणारा-जाणारा माणूस, उजळ माथ्याने फिरत होता.

ही अपवादाची गोष्ट नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०१६ सालची, म्हणजे याच वक्तव्याच्या वर्षाची आकडेवारी सांगते की नोंदलेल्या बलात्कारांपैकी ९४ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा होता. शेजारी, नातेवाईक, मालक, लग्नाचे वचन देणारा. शनीची दृष्टी यात कुठे येते? शंकराचार्यांचे वाक्य या माणसाला अलगद बाजूला काढते आणि त्याच्या जागी ग्रहाला आणि बाईच्या पायाला उभे करते. आत्याच्या तोंडचा प्रश्न आणि पीठावरून आलेले वचन यांत फरक फक्त आसनाच्या उंचीचा आहे.

म्हणून माझा राग स्वरूपानंदांपेक्षा आपल्या मित्रांवर अधिक आहे. परंपरेचे रक्षण हे शंकराचार्यांचे घोषित काम होते, ते त्यांनी केले. १९८७ मध्ये देवराळ्याला रूपकंवर जळाली तेव्हा पुरीच्या तत्कालीन शंकराचार्यांनी उघडपणे सतीप्रथेची बाजू घेतली होती. पीठांकडून स्त्री-मुक्तीची अपेक्षा आपण कधी केलीच नव्हती. अपेक्षा केली होती ती मोर्च्यात शेजारी चालणाऱ्यांकडून. एखादा धर्मगुरू आपल्या राजकीय शत्रूवर टीका करतो, एवढ्यावर तो आपल्याला ‘आपला’ वाटू लागतो. मग त्याने बायकांविषयी काय म्हटले, हा ‘आत्ता काढायचा विषय’ राहत नाही. पन्नास वर्षे हेच ऐकतो आहोत. आधी स्वातंत्र्य, मग क्रांती, मग लोकशाही वाचवू, बायकांचे नंतर पाहू. आता श्रद्धांजलीतही नंतरच!

मृत्यूनंतर वैर धरू नये, असे आपल्याकडे मानतात आणि ते योग्यच आहे. गेलेल्या माणसाच्या भक्तांचे दुःख खरे असते, त्याची टर उडवू नये. पण वैर न धरणे वेगळे आणि विसरणे वेगळे. विसरण्याची किंमत भक्त देत नाहीत, पुढारी देत नाहीत. ती देते आमच्या केंद्रात मान खाली घालून बसलेली मुलगी.

तेव्हा मैत्रिणींनो, पुन्हा कोणी मोठे धर्माचार्य जातील आणि श्रद्धांजलीच्या निवेदनावर सही मागायला कोणी ओळखीचे येतील. त्यांना बसवा, चहा द्या, निवेदन नीट वाचा. त्यात तुरुंगवास असेल, तपश्चर्या असेल, धर्मनिरपेक्षताही असेल. आपल्याविषयी ते काय बोलले होते, हे असेल का? नसेल तर तेवढी एक ओळ आधी लिहायला लावा. मगच सहीचे बघू.