ओझं पाठीवर काहून? सायकलले पडशी लावा!

जुन्या सायकलला कॅरिअर लावायचं म्हटलं, की मोर्शीच्या कट्ट्यावरून पहिला प्रश्न येतो, "काहून बे, दूध वाटाले चालला काय?" कॅरिअर म्हणजे दूधवाल्याचं, पेपरवाल्याचं, पोस्टमनचं. कॉलेजच्या पोराची सायकल कशी सुटसुटीत पाहिजे! म्हणून आधी कॅरिअर निघतं, मग मडगार्ड. आणि पुस्तकं, डबा, पाण्याची बाटली, लॅपटॉप असं सगळं पाठीवर लटकवून आपण घामाघूम होत वर्गात शिरतो.

माझं म्हणणं साधं आहे. जिच्यावर सामान जात नाही, ती सायकल फिरायला ठीक, रोजच्या कामाची नाही. आणि रोजच्या कामाची नसली, की ती भिंतीला टेकते आणि घरात गाडीच्या हप्त्याचा विषय निघतो.

यात मुलींचं नुकसान जास्त आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. बारावी संपते, सायकल मात्र धडधाकट असते. पण आता कॉलेज तालुक्याला, अंतर वाढलेलं, दप्तराच्या जागी जाड सॅक. मग सायकल अंगणात गंजते आणि मुलगी एसटीची, ऑटोची, नाहीतर भावाच्या सवडीची वाट पाहते. २०२१-२२ मधला एसटीचा संप आठवा. पाच महिन्यांहून जास्त चालला. अशा वेळी पाळ्याहून किंवा येरल्याहून मोर्शीला यायला स्वतःचं चाक असलेलं बरं.

आता गंमत बघा. ज्या जुन्या सायकलीला आपण नावं ठेवतो, तीच सामानासाठी जास्त लायक. नवीन डबल शॉकअपच्या सायकलवर कॅरिअर बसवायला धड जागा नसते. जुनीचा मागचा एक्सल लांब असतो. कॅरिअरचे दोन पाय तिथेच वायसर घालून नटाने आवळायचे आणि वरची पट्टी सीटखालच्या बोल्टाजवळ बसवायची. झालं. फक्त आवळल्यावर नट पूर्ण आट्यांवर बसला का आणि चाक मधोमध आहे का, हे मिस्त्रीकडून तपासून घ्या. पहिल्या आठवड्यानंतर सगळे नट पुन्हा एकदा आवळा. आपल्या रस्त्यांवर ते ढिले होतातच. तारेचं पातळ कॅरिअर घेऊ नका. बऱ्याच चांगल्या कॅरिअरवर २५ किलोची मर्यादा लिहिलेली असते. कॉलेजसाठी एवढं भरपूर झालं.

राहिल्या पिशव्या. दुकानात त्यांना पॅनिअर म्हणतात आणि किंमत ऐकून माणूस परत फिरतो. पण हा प्रकार आपल्याला नवा नाही. खांद्यावरची पडशी, घोड्यावरची खुर्जी म्हणजे तरी काय? दोन कप्पे, मधे जोडपट्टी, दोन्हीकडे सारखं ओझं. ताडपत्री किंवा जुन्या जीन्सचं कापड घेऊन गावातल्या शिंप्याकडे जा, तो शिवून देईल. आतल्या बाजूला पातळ प्लायवूड किंवा प्लास्टिकचा कडक पत्रा घाला, म्हणजे पिशवी दबून स्पोकमध्ये जाणार नाही. खालचं टोक जुन्या ट्यूबच्या पट्टीने कॅरिअरच्या पायाला बांधा. पिशवी थोडी मागे सरकवा, नाहीतर प्रत्येक पायडलला टाच आपटेल. मागचा रिफ्लेक्टर झाकला जाणार नाही, हेही बघा.

जड वस्तू तळाशी ठेवा आणि दोन्ही बाजूंचं वजन सारखं ठेवा. समोरच्या बास्केटमध्ये जड सामान टाकलं की हँडल डुलतं, मागे खाली ठेवलं की सायकल सरळ चालते. मागच्या टायरमध्ये हवा नीट भरा. आणि ब्रेक आधी, पिशवी नंतर! सळीचे ब्रेक पावसात कमी धरतात आणि वजन वाढलं की सायकल थांबायला जास्त अंतर घेते. दोन पायांचं स्टँड लावलं, तर भरलेली सायकल आडवीही होत नाही.

राहता राहिला 'लूक'. १९६० च्या दशकात केरळातल्या थुंब्याला रॉकेटचा भाग सायकलच्या कॅरिअरवरून नेला जातानाचा फोटो तुम्ही मोबाइलवर नक्की पाहिला असेल. आपण तो अभिमानाने फॉरवर्ड करतो. मुंबईच्या डबेवाल्यांच्या डब्यांनी लगडलेल्या सायकलींचंही कौतुक करतो. नेदरलँड्समध्ये तर कॅरिअरवर दुहेरी थैली टाकून कॉलेजला जाणं अगदी रोजचं आहे. मग आपल्याच सायकलवर कॅरिअर आलं, की लाज कसली? खरं तर ती लाज कॅरिअरची नाहीच, दूधवाल्यासारखं दिसण्याची आहे. मेहनतीच्या माणसासारखं दिसायची लाज वाटावी, असं आपण नेमकं काय शिकतोय?

अडचणी आहेत. वऱ्हाडातलं एप्रिल-मेचं ऊन पिशव्यांनी कमी होणार नाही. पण पाठ मोकळी राहिली, तर त्याच उन्हात सायकल चालवणं थोडं सोपं होतं. अंतर पंधरा-वीस किलोमीटर असेल, तर रोज सायकलने या असंही मी म्हणणार नाही. मात्र चार-सहा किलोमीटरसाठी कर्ज काढून गाडी घेण्याआधी अंगणातल्या सायकलीकडे एकदा बघा. येताना त्याच पिशव्यांत घरचा किराणा येतो आणि हंगामात बागेतली संत्री मैत्रिणींसाठी कॉलेजात जातात.

कॉलेजांनीही एक करावं. पार्किंगमध्ये सायकलींना कोपऱ्यातली उरलेली जागा न देता सावलीतली एक रांग द्यावी, पिशव्यांसकट सायकल मावेल एवढी रुंद. आणि कट्ट्यावर कोणी विचारलंच, "दूध वाटाले चालला काय?" तर सांगा, "हो, पण पाठ मोकळी आहे माही. तुही?"